लॉबी दिसायची, पण सामना सुरू होताना तुटायचं

व्हीपीएन (आपला डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी खाजगी जोडणी) चालू ठेवून ऑनलाइन गेम खेळायला बसलो की लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, सगळे दिसायचे, गप्पाही व्हायच्या. पण नकाशा लोड व्हायला लागला की पट्टी अर्ध्यावर अडकायची आणि मी बाहेर! सर्व्हर बदलले, फायरवॉल तपासली. काही फरक नाही.

छोटे निरोप पोचतात, मोठा डेटा आला की गाडी अडते, हे लक्षात आलं तेव्हा धागा सापडला: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची (डेटाच्या एका पुडक्याची) कमाल लांबी. इथरनेटवर ती सहसा १५०० बाइट असते. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टन चढवतं, म्हणून वायरगार्ड ही व्हीपीएन प्रणाली साधारणपणे १४२० धरते. माझ्या कनेक्शनला तेही जड जात होतं. पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत, असा पर्याय देऊन टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेने, पिंग केलं (चाचणीचं पॅकेट पाठवलं). १३९२ गेलं नाही, १३५२ गेलं. त्यात हेडरचे (पॅकेटच्या सुरुवातीच्या पत्ता वगैरे माहितीचे) २८ मिळवले, १३८० झाले. तोच आकडा टनेलच्या सेटिंगमध्ये घातला आणि पुन्हा जोडलं. पट्टी थेट शेवटपर्यंत सरकली, जीव भांड्यात पडला.

पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, अजून जास्तच येतो, कारण डेटा लांबच्या सर्व्हरवरून वळसा घालून जातो. गेमला व्हीपीएनची गरजच नसेल, तर स्प्लिट टनेलिंग (निवडक अ‍ॅप व्हीपीएनबाहेर ठेवण्याची सोय) वापरून तो बाहेर काढणं मला जास्त पटतं.