शांतवेळ टिकत नाही? या चुका टाळा

आमच्या भागात बुधवारी संध्याकाळी कॉटेज प्रार्थना, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून केलेली प्रार्थना, असते. कुणी नवीन आलं आणि म्हणालं की मला रोज शांतवेळ पाळायचीय, म्हणजे प्रार्थनेला बसायचंय, बायबलमधलं वचन वाचायचंय, सुरुवात कशी करू, की त्याला माझ्याकडे पाठवतात. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, पाळकसाहेब एकदा म्हणाले "ताई बघतील" आणि तेव्हापासून 16 वर्षं ताईच बघतायत. आणि काय बघतायत, तर तेच तेच. 31 डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे मध्यरात्रीच्या उपासनेला, डोळ्यात पाणी, नवी डायरी, चार रंगांचे हायलायटर, आणि फेब्रुवारीत हाच माणूस मला चर्चच्या दारात बघून बाजूच्या दाराने सटकतो.

राग नाही येत हो, कंटाळा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

वर्षभरात अख्खं बायबल

ही चूक मी स्वतः तीनदा केलीय त्यामुळे हक्काने बोलते. बायबलचे अध्याय 1189. भागिले 365, म्हणजे रोजचे सव्वातीन. ऐकायला काहीच वाटत नाही, रोजची पंधरा-वीस मिनिटं धरा. उत्पत्तीचे 50 अध्याय मजेत जातात, अब्राहाम, याकोब, योसेफ, भावाभावांची भांडणं, सगळं आपल्याकडच्या वाटणीच्या केसेससारखंच. मग निर्गम, 40 अध्याय. तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत ठीक, पण पुढे निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांची मापं सुरू झाली की पहिली विकेट पडते. 50 आणि 40 मिळून 90, म्हणजे 28 जानेवारी. त्या दिवशी तुम्ही लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या दारात उभे असता आणि आत होमार्पण, अन्नार्पण, कुठली चरबी जाळायची, कुठली नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ग्रुपमध्ये जी "ताई वेळच मिळत नाही"ची साथ येते ना, तिचं खरं नाव लेवीय आहे.

माझी तिसरी खेप सांगते. 40 अध्याय मागे पडले होते. प्लॅनचा तो कागद फ्रिजवर, प्रत्येक रिकामा चौकोन माझ्याकडे बघतोय. एका रविवारी उपासनेवरून आल्यावर जेवण उरकलं आणि ठरवलं की आज बॅकलॉग संपवायचाच. दुपारी दोनपासून सातपर्यंत वाचत बसले, मध्ये कुकर लावला, धोब्याला कपडे दिले, बोट ओळीवर तसंच. 40 चौकोनांवर टिका केल्या. रात्री आमचे हे म्हणाले, काय काय वाचलंस? आणि मला फक्त एक गोष्ट आठवली. लेवीय 14 मध्ये घराच्या भिंतीला चट्टे पडले तर काय करायचं ते आहे, हिरवट-तांबूस चट्टे दिसले तर याजकाने येऊन बघायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं, चट्टे पसरले तर दगड काढायचे, गिलावा खरवडायचा. आता हेच का लक्षात राहिलं, तर आमच्या हॉलच्या मागच्या भिंतीला तेव्हा ओल आली होती. हे म्हणाले, मग याजकाला बोलवू की वॉटरप्रूफिंगवाल्याला?

पाच तासात 40 अध्याय आणि पदरात काय, भिंत. तो कागद मी त्याच रात्री फाडला.

तेव्हापासून मी एकच करते आणि सगळ्यांना तेच सांगते. मार्क घ्या. 16 अध्याय आहेत, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि मार्काला पाल्हाळ माहीत नाही. रोज 8-10 ओव्या, म्हणजे वचनं, बस. एकदा मोठ्याने वाचायच्या, थोडं थांबून परत वाचायच्या. कुठे मन अडकतंय बघायचं, एखादा शब्द, एखादा माणूस. तिथेच थांबायचं आणि त्याच्यावरच देवाशी बोलायचं, मग दोन मिनिटं गप्प. हे काही माझं डोकं नाही, 12व्या शतकात गीगो नावाच्या एका मठवासी साधूने याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवाजवळ असणं. आपल्याकडे पारायण वेगळं आणि मनन वेगळं हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही, बायबल हातात आलं की मात्र सगळे पारायणालाच बसतात.

अशाने मार्क संपायला अडीच महिने लागतात. लागू देत. पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घातली, 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा काम नुकतं हातावेगळं झालं होतं, आणि केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. आणि आपण? ट्रेडमिलवर दुप्पट स्पीडने ऑडिओ बायबल! असो.

लेवीय वाचूच नका असं म्हणत नाहीये. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राला पोचाल तेव्हा मुख्य याजक आणि रक्त हे काय चाललंय ते कळायला लेवीयच उघडावं लागतं. तेव्हा वाचा, कुणाच्या तरी सोबत.

उपास

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ आला की तरुण संघातली पोरं अंगात आल्यासारखी करतात. मी ओरडत नाही कारण मी त्यांच्यापेक्षा वाईट होते.

22 वर्षांची होते, नगरला. नुकत्याच एका संजीवन सभेतून आले होते आणि ठरवलं की गुड फ्रायडेच्या आधी तीन दिवस फक्त पाणी. आधी कधी एक वेळचं जेवणही सोडलं नव्हतं. आणि घरात सगळ्यांना कळेल याची पक्की सोय केली, आई ताट वाढायला लागली की मी मोठा उसासा टाकून "माझं नको" म्हणायचे. धाकट्या भावाने आमलेट केलं म्हणून त्याच्यावर खेकसले. दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकत होतं आणि प्रार्थना म्हणजे नुसतं घड्याळ बघणं. शुक्रवारी 12 ते 3 ची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, एप्रिलचं ऊन, पंखा दोन बाक पुढे. शेवटच्या दिवशी मी अतिशहाणपणा करून पाणीही सोडलं होतं. पाचवा उद्गार सुरू झाला, "मला तहान लागली आहे", आणि मी बाकावरून खाली. खोटं नाही सांगत, बरोबर पाचव्यालाच.

शुद्धीवर आले ती पार्सोनेजच्या, म्हणजे पाळकांच्या घराच्या, स्वयंपाकघरात. पाळकीणबाईंनी मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी हातात दिलं आणि म्हणाल्या, "अगं पोरी, प्रभूने मरताना सुद्धा आईची सोय लावली, आणि तू तीन दिवस आईला रडवलंस." तिसरा उद्गार तो, योहानाला आईकडे बघायला सांगितलं तो. मी तो ऐकला होता की, दीड तासापूर्वीच, पण डोक्यात फक्त एवढंच चालू होतं की आता अजून चारच राहिले.

मत्तय 6 मध्ये येशू म्हणतो की उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. यशया 58 त्याहून कडक आहे, तुम्ही उपास करून भांडणं करता, मजुरांना राबवता, त्यापेक्षा भुकेल्याला भाकर द्या. हे दोन उतारे वाचल्याशिवाय मी कुणाला उपासाला बसू देत नाही. मग सुरुवात एका जेवणाने करायची. फक्त बुधवारचं किंवा शुक्रवारचं दुपारचं. त्या अर्ध्या तासात प्रार्थना, आणि त्या जेवणाचे पैसे डब्यात, ईस्टरला डबा फोडून कुणाला तरी द्यायचे. डायबेटीस, बीपी, गरोदरपण, गोळ्या चालू असतील तर जेवण सोडूच नका, डॉक्टरांना विचारा, नाहीतर रात्रीची सिरियल सोडा. ती सोडवत नाही हे मला माहितीये.

आणि हो, रविवारी उपास नसतो. भस्म बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, 46 दिवस भरतात. त्यातले 6 रविवार काढले की 40. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी मटण खा आणि गाणी म्हणा. दरवर्षी कुणीतरी रविवारीही उपाशी बसून वर मलाच शिकवायला येतं.

सकाळचं वचन फॉरवर्ड करणे

पाच वाजून दहा मिनिटांनी सूर्योदयाच्या फोटोवर यिर्मया 29:11. तुमच्या हिताचे संकल्प, आशा, भविष्य. छान आहे, माझंही आवडतं आहे, पण एकच ओवी वर जाऊन 10 वी वाचा की. तिथे लिहिलंय की बाबेलमध्ये 70 वर्षं झाल्यावर. हे यिर्मयाचं पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्यांना लिहिलेलं, आणि ज्यांच्या हातात पडलं त्यातले बहुतेक जण परत जायच्या आधीच मरणार होते आणि त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. हे सगळं गाळून आपण ते दहावीच्या रिझल्टला चिकटवतो. फॉरवर्ड करायचंच असेल तर अख्खा अध्याय वाचून मग करा. माझा अंदाज, मेसेज निम्म्याने कमी होतील.

त्यातच ते ॲपचं स्ट्रीक. 112 दिवस सलग, मोडलं म्हणून एकजण माझ्यासमोर रडली होती. देवाशी संबंध तुटला म्हणून नाही, आकडा शून्य झाला म्हणून.

"ताई, मला काही वाटतच नाही"

हे मी हळू आवाजात ऐकते, कारण सांगणारा घाबरलेला असतो. पहिले दोन महिने छान वाटतं, गाण्यात अंगावर काटा येतो, मग एक दिवस सगळं कोरडं. लगेच लोक काय करतात, चर्च बदलतात, यूट्यूबवर नवा उपदेशक शोधतात, नाहीतर आपल्यात काहीतरी पाप दडलंय म्हणून स्वतःला उकरत बसतात.

आधी झोप आणि जेवण बघा. हसू नका. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला घातलं. देवाची मंद वाणी नंतर, 40 दिवस चालून झाल्यावर.

बाबा गेले त्या वर्षी मला सहा-सात महिने प्रार्थनेत एक वाक्य जमत नव्हतं. खुर्चीत बसायचे, स्तोत्रसंहिता उघडायचे, एक स्तोत्र वाचायचे, आमेन, उठायचे. 88 वं स्तोत्र मला तेव्हा सापडलं. तक्रारीची स्तोत्रं बरीच आहेत, पण बहुतेक शेवटाला वळतात, स्तुती करतात. हे वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते बायबलमध्ये आहे, कुणी काढलं नाही. इग्नेशियस लोयोलाचा एक नियम मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, मन कोरडं पडलेलं असताना आधी चांगल्या वेळी घेतलेला निश्चय बदलायचा नाही. 15 मिनिटं ठरली होती ना, मग 15 मिनिटं बसा, गप्प बसा पाहिजे तर. माझ्याकडे शब्द नसले की मी 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातलं एखादं ना. वा. टिळकांचं पद म्हणते, सूर गेला खड्ड्यात, शब्द तरी दुसऱ्याने नीट बांधलेले असतात.

बाकीच्या किरकोळ

पहाटे चारला उठायचा संकल्प. रात्री साडेबाराला झोपणाऱ्याने करू नये.

प्रार्थनेत एकदम "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, कनवाळू पित्या" आणि दर चार शब्दांनी "प्रभू". घरात बाबांशी असं बोलता का? आणि सूचना प्रार्थनेत घुसवू नका. "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की रविवारी महिला मंडळाची सभा चार वाजता आहे." त्याला ठाऊक आहे, ते आम्हाला सांगायचं चाललंय.

भरभर म्हणणे. मी प्रोटेस्टंट, जपमाळेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण वसईची माझी मैत्रीण म्हणते की तिच्या घरी ऑक्टोबरात पन्नास नमो मारिया मॅच सुरू व्हायच्या आत संपतात. आता ती एकच दशक म्हणते, दहाच, पण सावकाश. मला ते पटलं.

पापकबुली मोघम करणे. "आमच्या सर्व चुका क्षमा कर" यात काही अर्थ नाही. रात्री भांडी घासताना दिवस मागून पुढे आठवा, कुठे आभार मानायचे, कुठे जीभ घसरली, नाव घेऊन बोला. दहा मिनिटांत होतं, भांडीही होतात.

एकट्याने करणे. चर्चला न येता "माझं आणि देवाचं डायरेक्ट आहे" म्हणणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही.

राहिलं मन भरकटणं, ज्याबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. डोळे मिटले की गॅसचा नंबर लावायचा राहिला, डाळ भिजवायची राहिली. मन दाबायला गेलात की जास्त उसळतं. मी बायबलच्या शेजारी कॅलेंडरचं एक पाठकोरं पान ठेवते, आठवलं की लिहायचं आणि परत ओवीवर यायचं. परवाच्या पानावर होतं: डाळ, गॅस, लाइटबिल, नणंदेला फोन. पहिली तीन कामं होती. नणंदेच्या नावाखाली मात्र मी पेन्सिलने दोनदा रेघ मारलेली दिसली, तेव्हा त्या दिवशी मार्क बाजूला ठेवला आणि आधी तिच्याबद्दल बोलले, मग तिला फोन लावला.