डीएनएची हानी मोजण्याच्या वाटेवर

कर्करोगकारक रसायने आणि डीएनएची हानी या विषयात पीएचडीसाठी येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: इथे हानी घडवणे अगदी सोपे असते, ती नेमकी कुठे आणि कधी घडली हे दाखवणे मात्र महाकठीण. धुरातले बेन्झोपायरीन काय, बुरशीचे विष अफ्लाटॉक्सिन काय किंवा तंबाखूतली नायट्रोसामाइन्स काय, शरीरातल्या विकरांनी (एन्झाइमांनी) सक्रिय केल्यावरच ती डीएनएला चिकटतात, हे तुम्ही एमएस्सीलाच शिकलेले असता, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते ८-ऑक्सोग्वानिनबद्दल, म्हणजे ऑक्सिडीकरणाने बिघडलेल्या ग्वानिनबद्दल, कारण माझ्या उमेदीच्या वर्षांतला मोठा काळ त्याने खाल्ला. डीएनएची अक्षरे म्हणावीत अशा चार बेसांपैकी ग्वानिनचे ऑक्सिडीकरण सर्वांत सहज होते, आणि ते फक्त जिवंत पेशीतच होते असे नाही. पेशी फोडून, फिनॉलने प्रथिने काढून डीएनए वेगळा करत असताना द्रावणातला लोहाचा सूक्ष्म अंश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून टेबलावरच नवे ८-ऑक्सोग्वानिन तयार करतात, आणि यंत्राला पेशीतले कोणते व टेबलावरचे कोणते हे ओळखता येत नाही. नियंत्रण गटाचे, म्हणजे रसायन न दिलेले, नमुने सोमवारी आणि रसायन दिलेले नमुने गुरुवारी काढले, तर आलेखातला फरक रसायनाचा नसून वारांचा असू शकतो. त्यातून, विषारी मात्रेने पेशी मेल्यामुळे डीएनए कमी हाती लागला, की टेबलावर झालेल्या ऑक्सिडीकरणाचा वाटा वाढतो, आणि चढत्या मात्रेबरोबर चढत जाणारी, परीक्षकांना आवडेल अशी सुबक रेषा आपोआप मिळते. अशा रेषेवर विश्वास ठेवू नका. नामांकित प्रयोगशाळांचेही आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून तर १९९७ साली युरोपात एस्कोड हा डीएनएच्या ऑक्सिडीकरणाची मोजमापे पडताळणारा गट उभा राहिला आणि एकच नमुना अनेक ठिकाणी पाठवून उत्तरे ताडून पाहिली गेली. बिघडलेल्या ग्वानिनपाशी डीएनए कापणारे एफपीजी विकर वापरून केलेल्या कॉमेट चाचणीचे (यात डीएनए वेगळा न काढता एकेका पेशीतले तुटलेले धागे पाहतात) आकडे, डीएनए काढून त्याचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीपेक्षा बरेच खाली आले. तेव्हा फिनॉल टाळा, लोह बांधून ठेवणारे डिफेरॉक्झामिन घाला, सगळे गट एकाच दिवशी, एकाच हाताने काढा, आणि एकच नमुना डिफेरॉक्झामिन घालून व न घालता मोजून पाहा. दोन आकड्यांत मोठे अंतर पडले, तर बाकीचे प्रयोग तिथेच थांबवा.

लघवीतले ८-ऑक्सोडीजी (शर्करा जोडलेले ८-ऑक्सोग्वानिन) मोजायला बाजारात एलायझाची, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजणारी, किट मिळतात. ही किट म्हणजे झटपट शोधनिबंधाचा राजमार्ग, असे माझे जरा कडवट मत आहे. त्यांचे आकडे क्रोमॅटोग्राफीपेक्षा जास्त येतात हे छापून आलेले असूनही ती खपतात. गाइड निवडतानाही नावाला भुलू नका. तुमची कच्ची आकडेवारी आणि जेलची मूळ छायाचित्रे मागणारा गाइड त्या वेळी जाचक वाटतो, पण नुसता तयार आलेख पाहून शाबासकी देणारा पुढे फार महागात पडतो. शिवाय काम करता करता शिकवायला प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ भेटला, तर तो दोन प्राध्यापकांना भारी पडतो.

हे वाचून धीर सोडू नका. नियंत्रण गटाचे आकडे खाली येऊन स्थिर झाले, की याच विषयात काम करायला मजा येते, आणि आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही: मिश्री, सुपारी, भुईमुगावरची बुरशी. सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली पहिल्या गटातली, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेली, कर्करोगकारक ठरवले, तरी ती तोंडातल्या पेशींत नेमके काय करते याचे बरेच धागे अजून सुटे आहेत. एक मात्र बजावून सांगते: प्रयोगातली कर्करोगकारक रसायने डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेली असतात आणि डीएमएसओ त्यांना सोबत घेऊन कातडीतून आत शिरतो, त्यामुळे थेंब पडलेला हातमोजा तत्काळ बदला. पुसून पुढे काम चालू ठेवणाऱ्या सीनियरचे अनुकरण करू नका.

नोकरीचे म्हणाल, तर विद्यापीठांत जागा मोजक्याच आहेत. परंतु २०१८ साली व्हॅलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसामाइन सापडल्यापासून औषध कंपन्यांना नायट्रोसामाइन अशुद्धी समजणारी माणसे हवी आहेत. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम इतकी कडक आहे, आणि जिवाणूंत उत्परिवर्तन होते का हे पाहणाऱ्या साध्या एम्स चाचणीत काही नायट्रोसामाइन्स निसटतात, म्हणून उंदराबरोबरच हॅमस्टरच्याही यकृताचा एस-९ अर्क (रसायन सक्रिय करणारी विकरे असलेला) घेऊन, जिवाणू आधी त्यात मुरवून ती चाचणी करावी लागते. पीएचडीच्या काळातच ही पद्धत स्वतःच्या हाताने करून ठेवा, कारण मुलाखतीत याच टप्प्यावर खोदून विचारतात.