नाण्यांसाठी भिंग कोणतं घ्यावं?

नाणी जमवायला लागलेला माणूस पहिलं भिंग घेतो ते हमखास ४० एक्सचं, म्हणजे ४० पट मोठं दाखवणारं. आकडा मोठा म्हणजे भिंग भारी, असा सरळ हिशेब. नव्या मंडळींच्या खिशातून हटकून तेच निघतं: चंदेरी, दुमडणारं, आत बारीक दिवा असलेलं.

हा आकडा खरा की नुसता छापलेला, हे दुकानातच तपासता येतं. २५ सेंटिमीटरला त्या आकड्याने भागा. साधारण तेवढ्या अंतरावर नाणं स्पष्ट दिसायला हवं. ५ एक्सला ५ सेंटिमीटर, १० एक्सला अडीच. ४० एक्स खरं असेल तर नाणं काचेपासून जेमतेम ६ मिलिमीटरवर धरावं लागेल, मग उजेड शिरणार कुठून? अडीच सेंटिमीटरवरूनच स्पष्ट दिसत असेल, तर ते १० एक्सच्या आसपासचं आहे असं समजा.

प्रत, म्हणजे नाणं किती चांगलं टिकलंय हे ठरवायला मी ५ एक्स वापरतो. ७ ही शेवटची हद्द. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास असतो. व्हिक्टोरियाचे केस आणि गाल किती झिजलेत, मोकळ्या जागेत ओरखडे किती, मूळची चमक उरली आहे का, हे सगळं एकत्र तोलायचं असतं. १० एक्समधून एका वेळी राणीचं नाक आणि ओठ दिसतात, आणि कोरं नाणंसुद्धा खरचटलेलं वाटतं. नवखे लोक प्रत उगाच दोन पायऱ्या खाली आणतात ते इथेच.

१० एक्स लागतं ओळख पटवायला. पंचम जॉर्जचा १९११चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरला गेला. म्हणून आजही बाजारात १९११च्या रुपयाला ‘पिग रुपया’ म्हणतात. कुणी १९१२ खरवडून १९११ केलं तरी सोंड लपत नाही. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली उठावाचा ठिपका असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. ओतीव नकलेवरच्या पुटकुळ्या आणि कडेवरचा जोडही याच भिंगात पकडता येतो.

१० एक्सचं घेताना ‘ट्रिप्लेट’ मागा. त्यात तीन काचा एकत्र चिकटवलेल्या असतात. नुसत्या लिहिण्यावर विसंबू नका, आलेखाचा कागद सोबत न्या. कडेच्या रेघा वाकल्या किंवा त्यांना निळी-पिवळी किनार आली, तर परत ठेवा.

भिंगातला दिवा बंदच ठेवा. टेबललॅम्पखाली भिंग डोळ्याजवळ धरा आणि नाणं कडेने पकडून भिंगाकडे आणा. आता नाणं हळूहळू तिरपं करा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो; घासून पुसलेल्यावर तो फिरत नाही, एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा मात्र उठून दिसतात. विक्रेता ‘यूएनसी’, म्हणजे न वापरलेलं कोरं नाणं म्हणाला तरी या रेघांचे पैसे कापून घ्या. खाली मऊ कापड अंथरलेलं असावं, भिंगाची धातूची कड नाण्यावर आपटली की नवा ओरखडा तुमच्याच नावावर.

शिवराईला एवढा थाट लागत नाही. हाताने ठोकलेलं तांबं ते. ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ यातली किती अक्षरं चकतीवर आली आहेत, एवढंच पाहायचं असतं. त्याला आजोबांचं पेपर वाचायचं दांड्याचं भिंग पुरतं.