कढईची मूठ जळते, हलते, चटका देते? या चुका टाळा

दुकानात भांडं घेताना आपण बूड बघतो, जाडी बघतो, वजन करून बघतो, पण मूठ? तिचा फक्त रंग. आणि मग काळी दिसली की बेकेलाइटच (म्हणजे आच सहन करणारं कडक प्लास्टिक) असणार असं धरून चालतो.

तसं नसतं. बेकेलाइट एकदा साच्यात पक्कं झालं की परत वितळत नाही, फार तापलं तर करपतं, तडकतं आणि डोकं उठेल असा वास मारतं. त्यामुळे तुमची मूठ मऊ पडून वाकली असेल किंवा ओघळली असेल तर ते साधं प्लास्टिक आहे, सरळ बदलून टाका.

अर्थात बेकेलाइटलाही मर्यादा आहेच, साधारण १५० ते १८० डिग्री, आणि गॅसची ज्योत तर हजाराच्या वर. छोटं फोडणीचं भांडं मोठ्या बर्नरवर ठेवून गॅस फुल केला की ज्योत बुडाबाहेर येऊन थेट मुठीला लागते. मुठीच्या मुळाशी भुरकट डाग पडलेत, नखाने खरवडलं की भुगा निघतोय, तर दोष ज्योतीचा, कितीही महागाची नवी मूठ लावा ती पण जाणार. ज्योत बुडाच्या आत ठेवा, आणि घेतानाच मुठीच्या मुळाशी स्टीलची पट्टी असलेलं भांडं घ्या.

ओव्हनमध्ये घालायचं असेल तर बेकेलाइट नकोच, केकच १८० ला भाजतात! तिथे स्टीलची मूठ. स्टील म्हणजे चटका हा पण गैरसमज, स्टीलमधून उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा फार हळू सरकते, म्हणून गॅसवर लांब पोकळ दांडा बराच वेळ हातात धरता येतो (ओव्हनमधून काढल्यावर मात्र नाही हं). कढईचे आखूड कान आणि बिडाच्या तव्याची मूठ तापणारच, तिथे सांडशी किंवा जाड कोरडा फडका. ओला फडका अजिबात नको, त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो.

सिलिकॉनचं कव्हर आच सहन करतं, ज्योत नाही. लाकडी मूठ पाण्यात भिजत टाकू नका, फुगते आणि चिरते.

कुकरची मूठ हलायला लागली की स्क्रू आवळा, पण कुकर गार असताना आणि बेताने, जोरात पिळलं की बेकेलाइट तडकतं. आणि तडकलेली मूठ फेविक्विकने चिकटवून वापरणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार, उकळत्या वरणाचा कुकर उचलताना ती सुटली तर काय होईल?? नवी आणायला जाताना कुकर नाहीतर निदान जुनी मूठ सोबत न्या, प्रत्येक मॉडेलची भोकं वेगळी असतात.