आयर्लंडमधल्या गावाच्या नावामागची गोष्ट शोधायची असेल तर

वांद्र्याचं बँड्रा झालं, तसंच आयर्लंडच्या बहुतेक गावांचं झालंय. इंग्रजी स्पेलिंगमधून अर्थ लागत नाही, आणि तेच सर्च केलं की हॉटेलांच्या जाहिराती येतात.

१. आधी 'लोगॅनिम डॉट आयई' उघडा (एल-ओ-जी-ए-आय-एन-एम). हा सरकारी स्थलनाम-कोश फुकट आहे. काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) निवडून नाव टाका, मूळ आयरिश रूप मिळतं. स्लायगोतली नॉकनाशी टेकडी म्हणजे 'क्नोक ना शी', पऱ्यांची टेकडी. इथेच अर्धी गोष्ट उलगडते.

२. मग 'डूखस डॉट आयई' (डी-यू-सी-एच-ए-एस). १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी पोरांनी आजीआजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी वह्यांत उतरवल्या, त्या वह्यांची पानं इथे आहेत. गावाचं नाव नाही सापडलं तर जवळच्या शाळेचं बघा. मला तर शाळेवरूनच जास्त मिळतं, आणि पोरांचं अक्षर बघण्यातही मजा आहे. पण उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या या संग्रहात नाहीत.

एक सांभाळा: नुसत्या इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ लावू नका. 'किल' दिसलं की मी सरळ चर्च धरायचो. किल्डेअरला ते बरोबर आहे, 'किल दारा' म्हणजे ओकचं चर्च. पण 'किल' कधी 'किल्य'चंही असतं, म्हणजे रान. किलमोर नावाची गावं बरीच आहेत. कुठे मोठं चर्च, कुठे मोठं रान. वहीतली गोष्टही पुष्कळदा नाव पडल्यावर रचलेली असते, तेव्हा अर्थ कोशातूनच घ्या.