तिन्ही रीडिंग जुळली, तरी उत्तर चुकलं

टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजणं. 0.1 नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 10 मिलीला तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड (अल्कली) 10.0 मिली लागायला हवं होतं. तीनदा आलं 10.4! आधी नजरेवर संशय घेतला. पण ब्युरेटचं (द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या नळीचं) रीडिंग फार तर 0.05 मिलीने चुकतं. सुरुवातीचं आणि शेवटचं धरून 0.1. चार पट फरक, तोही दरवेळी एकाच बाजूला? म्हणजे दोष अल्कलीच्या द्रावणातच.

बाटली बरेच दिवस सैल झाकणाची होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून अल्कली अशक्त झालेली. 1.576 ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल 250 मिलीत विरघळवून 0.1 नॉर्मल द्रावण केलं. त्यातल्या 10 मिलीत फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) घालून अल्कलीचं प्रमाणीकरण केलं, म्हणजे तिची खरी तीव्रता ठरवली. फिकट गुलाबी छटा टिकली तेव्हा ब्युरेटवर पुन्हा 10.4. म्हणजे अल्कलीची खरी तीव्रता 0.1 × 10 ÷ 10.4 = 0.0962 नॉर्मल. ती घालताच आम्लाचं उत्तर 0.100 आलं.