आपट्याच्या फांदीची दोरी कशी वळावी

दसऱ्याला सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी पारावर आपट्याच्या फांद्या पडलेल्या असतात. पानं खुडलेली, साल अजून ओली. त्या चुलीत घालू नका. आमचे आबाजी त्यांच्याच आतल्या सालीची दोरी वळायचे. घरातलं शिंकं, वासराचं दावं तिचंच असे.

उभ्या झाडाची साल मात्र ओरबाडायची नाही. पानांत तयार झालेलं अन्न याच आतल्या सालीतून मुळांकडे उतरतं. खोडाभोवतीची साल निघाली की मुळं उपाशी राहतात आणि झाड वाळतं. फांदी तोडली तर धुऱ्यावरचा आपटा पुन्हा फुटतो.

पान आधी पाहून घ्या. आपटा म्हणून बाजारात कांचनाचीही पानं विकतात; आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद.

अंगठ्याहून जाड, सरळ, कमी गाठींची फांदी घ्या आणि त्याच दिवशी सोला. वाळली की साल लाकडाला चिकटून बसते. विळ्याने उभी चीर पाडा, लाकडी मोगरीने हलकं ठोका, बुडाकडून साल ओढा. वरची काळपट, खरबरीत साल विळ्याच्या पाठीने खरवडून टाका. खाली लालसर, दमट पट्टी उरते. हाच वाक, म्हणजे दोरी वळायचा धागा.

पट्ट्या टाक्यात दगडाखाली बुडवून ठेवा. साधारण आठवडा लागतो, पण चौथ्या दिवसापासून रोज बोटांनी चाचपून पहा. जास्त कुजला तर धागा तुटतो. ते पाणी ढोरांना पाजू नका. थर सुटे होऊ लागले की धुऊन सावलीत वाळवा.

वळताना वाक पुन्हा ओला करा. दोन पदर मांडीवर शेजारी ठेवून तळहाताने पुढे लोटा. दोन्हींना एकाच बाजूचा पीळ बसला की त्यांना एकमेकांवर उलट्या बाजूने वळा. या उलट्या पिळानेच दोरी सुटत नाही. आबाजी एक पदर मुद्दाम वीतभर आखूड घ्यायचे, म्हणजे पदर संपून नवा वाक जोडताना दोन्ही जोड एका जागी येत नसत. जोड आला की बोटं पाण्यात बुडवून तेवढी जागा ते दोनदा वळत. मी घाईत दोन्ही जोड एकत्र आणले. वासराने हिसका दिला आणि दावं नेमकं तिथेच तुटलं.

तयार दोरी दोन खुंट्यांना ताणून रात्रभर ठेवा. पहिली दोरी पऱ्हाटीचे भारे बांधायला वापरा. पाळण्याला किंवा विहिरीच्या बादलीला नको.